हळद कोंबडीला जरूर द्या, पण लसीच्या जागी नाही

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या तायांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी, बोलणं शक्यतो जसंच्या तसं ठेवून इथे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय आहे, कोंबड्यांसाठी हर्बल टॉनिकची एकत्र खरेदी. अध्यक्ष ताई मला म्हणाल्या, ठराव टाकायच्या आधी तू दहा मिनिटं बोल. ताई, दहा मिनिटांत माझं होणार नाही, आधीच माफी मागते. चहा झालेला आहे, त्यामुळे कुणी उठायचं नाही.

गेल्या महिन्यात एक विक्रेते आपल्या ऑफिसला येऊन गेले. पानाफुलांचं चित्र असलेली बाटली, रंगीत पत्रक. पत्रकावर लिहिलंय, वजन पंधरा टक्के जास्त, मरतूक जवळजवळ बंद. आणि तोंडी ते असंही म्हणाले की हे चालू असेल तर लसीची तशी गरज नाही. लिटरला साडेचारशे रुपये. संघाने चाळीस लिटर घ्यावं, म्हणजे अठरा हजार. ते पैसे संघाच्या निधीतून, म्हणजे तुमच्याच बचतीतून जाणार.

दुसऱ्या बाजूला तुमच्यातल्याच बऱ्याच जणी म्हणतात, "मॅडम, हळद-लसूण आपल्या घरात आहे की, बाटली कशाला?" आणि तिसरं एक वाक्य मी सगळ्या गावांत ऐकते, "झाडपाल्याचं आहे, फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही." हे तिसरं वाक्य सगळ्यात धोक्याचं आहे. का, ते सांगायला मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. इथे बसलेल्या काही जणींना ती माहीत आहे.

मी नोकरीला लागून सहा-सात महिने झाले होते. एमएसडब्ल्यूची पदवी हातात, मोबाईलवर गटांचे ग्रुप, आणि रोज काहीतरी उपयोगाचं पाठवायची हौस. एकदा एक मेसेज आला, कडुलिंबाचा पाला पाण्यात उकळून कोंबड्यांना पाजा, कुठलाही रोग येत नाही. मी तो वाचला आणि पुढे ढकलला. कुणाला विचारलं नाही. एका गटातल्या ताईंनी दोनशे पिल्लं आणली होती, गटाचं कर्ज काढून. त्यांनी पहिली मानमोडीची लस दिली, पण गंबोरोची लस दिली नाही. त्यांचं कारण ऐका, ते चुकीचं नव्हतं. दुकानात लसीची बाटली मिळत होती ती पाचशे पक्ष्यांची. दोनशे पिल्लांना पाचशेची बाटली फोडायची, उरलेली फेकायची, त्यापेक्षा मॅडमनी काढा सांगितलाय तो देऊ. शिवाय काढा कडू, त्यामुळे पिल्लं पाणी कमी प्यायला लागली, खाणंही कमी झालं.

विसाव्या-बाविसाव्या दिवशी पिल्लं पिसं फुगवून बसली, पांढरी हगवण सुरू. चार दिवसांत एकाहत्तर पिल्लं गेली. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मेलेलं पिल्लू फाडून दाखवलं. मांडीच्या मांसावर रक्ताचे ठिपके आणि शेपटीच्या बुडाशी आतली एक गाठ सुजलेली. गंबोरो. त्यावर औषध नाही, फक्त लस.

ताई मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मोबाईलवर तुम्हीच पाठवलं होतं ना." कर्जाचे हप्ते त्यांनी दुसऱ्याच्या कांद्याच्या काढणीला जाऊन फेडले. तेव्हापासून मी न तपासलेला मेसेज पुढे पाठवत नाही. म्हणून आज एवढं बोलतेय.

आता मुद्द्यावर येते.

ब्रॉयलर, म्हणजे आपण सगळ्या जिला बॉयलर म्हणतो ती कोंबडी, गावरान कोंबडीसारखी नाही. गावरान बाहेर हिंडते, किडे-मुंग्या खाते, हळूहळू वाढते आणि बरंच सोसते. बॉयलरचं पिल्लू पहिल्या दिवशी चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं असतं आणि पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जातं. एवढी वाढ म्हणजे त्याच्या आतड्यावर आणि लिव्हरवर रात्रंदिवस काम. आतडं आतून टॉवेलसारखं असतं बघा, बारीक बारीक धागे. त्या धाग्यांतून खाल्लेलं अंगाला लागतं. जंतूंनी ते धागे झिजवले की पक्षी खातो भरपूर आणि अंगाला लागत नाही. विष्ठा पातळ होते, तूस ओलं होतं, ओल्या तुसातून डोळे चुरचुरणारा वास सुटतो, त्या वासाने छाती भरते. सगळं एकातून एक सुरू होतं.

वनस्पतींचा उपयोग होतो तो मुख्यतः या आतड्यात. हळदीत कर्क्युमिन असतं, ते सूज कमी करतं आणि लिव्हरला आधार देतं. लसूण ठेचल्यावर ॲलिसिन तयार होतं, ते जंतूंना आवरतं. ओव्यात थायमॉल असतं, म्हणून तर आपण पोट दुखलं की ओवा खातो. मिऱ्यातल्या पायपरीनमुळे हळदीतलं कर्क्युमिन अंगात जास्त शोषलं जातं. आपल्या आजीने दुधात हळदीबरोबर मिरी टाकली ती उगाच नाही. कोंबड्यांवर या सगळ्याचे प्रयोग आपल्याकडेही आणि परदेशातही पुष्कळ झालेत. पण निकाल सगळीकडे सारखे नाहीत. काही ठिकाणी वजन वाढलं, खाद्य वाचलं. काही ठिकाणी काहीच फरक पडला नाही. जास्त दिलं तिथे तर खाणं कमी झालं. आणि एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे, शेड आधीच स्वच्छ असेल, गर्दी नसेल, तर फरक कमी दिसतो. म्हणजे पंधरा टक्के जास्त वजनाची हमी कुणी देत असेल तर मी तरी विश्वास ठेवणार नाही. दोन किलोचा पक्षी दोन किलो तीनशेचा झाला असता, तर मोठ्या कंपन्यांनी ही बाटली कधीच उचलली असती, आपल्यापर्यंत पोचली नसती.

आता घरचं काय द्यायचं, किती द्यायचं.

हळद प्रयोगांमध्ये साधारण किलोभर खाद्याला पाच ग्रॅम, म्हणजे अर्धा टक्का, एवढी वापरतात. पन्नास किलोच्या पोत्याला पाव किलो. पण कोणती हळद? बाजारातली सुटी, भडक पिवळी पावडर नको. तिच्यात रंगासाठी भेसळ असते, कधी लेड क्रोमेट म्हणजे शिशाचा रंग असतो, तो कोंबडीच्या अंगात जाणार आणि तिथून आपल्या ताटात. आपल्या दोन गटांकडे हळद दळायचं काम आहे. त्यांच्याकडे हळकुंडांची मोडतोड, चुरा निघतो, तो स्वस्तात घेऊन दळा. पॉलिश करताना उडालेली धूळ मात्र घेऊ नका, त्यात माती फार असते. आणि हळद-हळदीत फरक असतो. वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद कर्क्युमिन जास्त म्हणून नावाजलेली आहे, सगळ्याच हळदीत तेवढं नसतं. म्हणून "अमक्या गावात फरक पडला, आमच्याकडे नाही" असं होऊ शकतं.

मिसळायची पद्धत सांगते, कारण इथे घोटाळा होतो. पाव किलो हळद थेट पोत्यात टाकून ढवळली तर एका पक्ष्याला मूठभर जाते, दुसऱ्याला काहीच नाही. आधी एक किलो खाद्यात हळद नीट कालवा, मग ते पाच किलोत, मग ते पोत्यात. भाकरीच्या पिठात मीठ कसं कालवता, तसंच.

लसूण ओला असतो. ठेचून दहा मिनिटं ठेवायचा, मग थोड्या खाद्यात कालवून घालायचा. तासाभरात संपेल एवढंच. ओलं खाद्य भांड्यात राहिलं की बुरशी आलीच. उकळू नका, उकळल्यावर त्याचा गुण जातो.

शेवग्याचा पाला चांगला आहे, वाळलेल्या पाल्यात पाव हिश्शाच्या आसपास प्रथिनं असतात. सावलीत वाळवायचा, उन्हात नाही. पण शंभर किलो खाद्यात पाच किलोच्या वर जाऊ नका. बॉयलरला पालापाचोळा पचत नाही, जास्त दिला की वजन उतरतं. शेवगा फुकट आहे म्हणून अर्धं पोतं पाला, असं करणाऱ्या एका मावशी समोरच हसतायत. मावशी, तुमचे पक्षी गिऱ्हाइकाने परत केले होते ना?

आवळा उन्हाळ्यात उपयोगी. कोंबडीला घाम येत नाही, ती तोंड उघडून धापा टाकते, तेव्हा तिला क जीवनसत्त्वाची गरज वाढते. पण एप्रिलमध्ये पत्र्याखाली पक्षी भाजत असताना नुसता आवळा देऊन काय होणार? आधी पत्र्यावर पाचट टाका, पाणी सावलीत ठेवा, दुपारी खाद्य उचला, पहाटे आणि संध्याकाळी द्या. मग आवळा.

कडुलिंबाबद्दल मी बोलले. कडू आहे, खाणं-पाणी तुटतं. मी तरी आता सांगत नाही.

आणि बुरशी लागलेल्या मक्यावर, शेंगदाण्याच्या पेंडीवर हळद टाकून ती खाऊ घालायची, हे तर अजिबात नको. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं, ते दिसत नाही, वास येत नाही, शिजवून जात नाही. लिव्हर पिवळट पडतं, सुजतं. हळदीने त्रास थोडा कमी होतो असं प्रयोगांत दिसलंय, पण विष तिथेच राहतं. पोती फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका, ओलसर मका घेऊच नका.

आता लस. हे लिहून घ्या, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीला लिहायला सांगा. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा, डोळ्यात थेंब. बाराव्या ते चौदाव्या दिवशी गंबोरो. एकविसाव्या दिवसाच्या पुढे लासोटा परत, पाण्यातून. आपल्या भागात दिवस थोडे मागेपुढे होतात, ते पशुवैद्यकीय डॉक्टर सांगतील तसे धरा. मानमोडीवर आणि गंबोरोवर हळद नाही, लसूण नाही, बाटली नाही, काही नाही. पाण्यातून लस द्याल त्या दिवशी पाण्यात क्लोरीन नको, टॉनिक नको, काढाही नको. आधी तास-दोन तास पक्षी तहानलेले ठेवा म्हणजे सगळे पितात.

आणि ती पाचशेची बाटली? यावर आपणच उपाय काढू शकतो. तीन-चार गटांनी पिल्लं एकाच दिवशी आणायची. मग सगळ्यांची लस एकाच दिवशी येते, एक बाटली वाटून घ्यायची. पशुसखी थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणेल. फोडल्यावर दोन तासांच्या आत संपवायची, म्हणून गावं जवळजवळची हवीत. गेल्या वर्षी हे सुचलं असतं तर ती एकाहत्तर पिल्लं वाचली असती.

रक्ती हगवणीचंही तेच. विष्ठेत रक्त दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. ओलं तूस काढा, रोज दाताळ्याने तूस वरखाली करा, पाण्याची भांडी सांडणार नाहीत अशी लावा. "आधी दोन दिवस ओवा देऊन बघते" असं म्हणेपर्यंत अर्धी खोली रिकामी होते.

मग मी वनस्पतींच्या विरुद्ध आहे का? नाही हो. उलट मला त्या हव्यात, आणि कारण वेगळं आहे. आपल्याकडे पिल्लं आल्या दिवसापासून पाण्यात अँटिबायोटिक टाकायची सवय आहे. दुकानदार पुडी देतो, आपण टाकतो. आजारी नसलेल्या पक्ष्याला रोज थोडं थोडं अँटिबायोटिक दिलं की जंतू सवयीचे होतात, मग तेच औषध माणसालाही लागू पडत नाही. युरोपात वाढीसाठी असं औषध खाद्यात घालायला 2006 पासून बंदी आहे. आपल्याकडे कोलिस्टिन नावाचं औषध कोंबड्यांना वापरायला सरकारने 2019 मध्ये बंदी घातली, कारण दवाखान्यात बाकीची औषधं हरली की डॉक्टर माणसासाठी ते शेवटचं म्हणून वापरतात. तर ही रोजची पुडी बंद करायची असेल तर आतडं निरोगी ठेवायला काहीतरी हवं, आणि तिथे हळद, लसूण, ओवा कामाला येतात. पक्षी आजारी पडला आणि डॉक्टरांनी औषध लिहून दिलं तर मात्र पूर्ण द्या, आणि शेवटच्या डोसनंतर किती दिवस विकायचं नाही ते विचारून घ्या.

आता हिशेब, म्हणजे आपला आवडता विषय.

शंभर पक्षी, दोन किलोचे. एक पक्षी साडेतीन किलो खाद्य खातो असं धरू, म्हणजे साडेतीनशे किलो, सात पोती. किलोला चाळीस रुपये धरले तर चौदा हजार. बाटलीवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे शंभर पक्ष्यांना एक लिटर, साडेचारशे रुपये. ते वसूल व्हायला सव्वा अकरा किलो खाद्य वाचायला हवं. हळद पावणेदोन किलो लागते. दोनशे रुपये किलोने साडेतीनशे, वसूल व्हायला पावणेनऊ किलो वाचायला हवं. चुऱ्याची घेतली तर निम्म्यात. म्हणजे घरची हळद जिंकली, पण फार मोठ्या फरकाने नाही, हेही मान्य करते.

आता तिसरा आकडा ऐका. तुमच्या शेडमध्ये जाऊन भांड्याखालचं तूस हाताने उचला. सांडलेलं खाद्य किती दिसतं? शंभरात पाच किलो जरी सांडत असेल, तरी साडेसतरा किलो, सातशे रुपये. भांडं पक्ष्याच्या पाठीच्या उंचीवर टांगलं आणि काठोकाठ न भरता अर्धंच भरलं तर यातलं बरंचसं वाचतं, खर्च फक्त सुतळीचा. मला वाटतं, सगळ्यात आधी हे करावं, मग हळदीकडे बघावं.

कंपनीशी करार करून पक्षी वाढवणाऱ्या पाच ताया इथे आहेत. तुम्ही यातलं काहीही स्वतःच्या मनाने खाद्यात घालू नका. खाद्य कंपनीचं, हिशेब कंपनीचा, काही बिघडलं तर बोट तुमच्याकडे येईल. सुपरवायझरला विचारा, आणि भांडं मात्र वर टांगा, त्याला कुणाची हरकत नसते.

बाटलीबद्दल माझं मत विचाराल तर आज ठराव करू नये. मी त्या विक्रेत्यांना फोन करून विचारलं, बाटलीत कोणकोणत्या वनस्पती, किती प्रमाणात? लेबलवर फक्त "वनस्पतींचा अर्क" लिहिलंय. बॅच नंबर आहे, संपायची तारीख आहे, पण आत काय ते नाही. आणि लसीची गरज नाही हे वाक्य त्यांनी लिहून द्यावं असं मी म्हटलं, त्यावर त्यांचा फोन परत आला नाही. सगळ्याच बाटल्या अशा असतात असं नाही, चांगल्याही आहेत. पण अठरा हजार घालायच्या आधी आपण स्वतः बघू या.

बघायचं कसं ते सांगते. दोन गटांनी तयारी दाखवली आहे. दोघींची पिल्लं एकाच हॅचरीची, एकाच दिवशी. शेडमध्ये मधोमध जाळी, पन्नास इकडे, पन्नास तिकडे. खाद्य तेच, लस तीच, फक्त एका बाजूला हळद. दर आठवड्याला दोन्ही बाजूंचे दहा-दहा पक्षी वजन करायचे, समोर आलेले धष्टपुष्ट दहा नाहीत, कोपऱ्यातले पण. रोज किती खाद्य घातलं, किती मेले, वहीत. पुढच्या बॅचला हळदीची बाजू बदलायची, कारण एका बाजूला ऊन जास्त येतं, वारा लागतो, आणि आपल्याला वाटतं हळदीने झालं. अशा तीन बॅच झाल्या की बोलू. आषाढात गटारीच्या आधी माल काढायचा असतो, तेव्हा ही घाई करू नका, श्रावणात विक्री थंड असते, ती बॅच प्रयोगाला बरी.

भाषणानंतर एका काकूंनी विचारलं, लसूण दिला तर मटणाला वास येतो का? एवढ्या थोड्या लसणाने येऊ नये, तरी विक्रीच्या आधी शेवटचे चार-पाच दिवस बंद ठेवा, म्हणजे शंकाच नको. दुसऱ्या ताईंनी विचारलं, अंड्याच्या कोंबड्यांना चालेल का? हळद चालते, शेवगा तर बलकाला रंग आणतो, पण लसूण जास्त नको, प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवू.

टॉनिकचा ठराव तीन बॅचचा हिशेब येईपर्यंत पुढे ढकलला आहे. प्रयोगाच्या दोन गटांना वजनकाटा लागणार आहे. तो माझ्याकडे ऑफिसात आहे, बुधवारी पिल्लं उतरायच्या आधी घेऊन येते. वही तुमची आणा, दोनशे पानी.